जवारीचा दोरा

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरले आणि आमच्या घराचा तळमजला काही दिवस त्या पाण्याखाली राहिला. आई आणि मी त्या काळात मिरजेला मावशीकडे होतो. परतलो तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची सरळ रेघ उमटलेली होती आणि तिच्या खालचे सारे काही एकाच करड्या रंगाचे झाले होते. लाकडी कपाटाच्या दोन खणांत वडिलांनी तीस वर्षे जमवलेल्या कॅसेट होत्या. चिखल वाळल्यावर त्यांच्या आतल्या फिती सुटून बाहेर आल्या आणि फणीत अडकलेल्या गुंतवळासारख्या एकमेकींत अडकून बसल्या. कोपऱ्यात उभा असलेला आईचा तानपुरा पाण्यावर तरंगून दुसऱ्याच खोलीत आडवा पडलेला सापडला. त्याचा सरस सुटला होता, भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी तबली एका बाजूने उचलली गेली होती, आणि भोपळ्यावर बोट दाबले तर तो किंचित आत जात होता.

त्या कॅसेटींतली जवळजवळ सगळी गाणी आज मोबाइलवर मिळतात, त्यामुळे ती गेली असे म्हणता येत नाही. पण पुढच्या महिन्याभरात, घर धुऊन वाळवण्याच्या कामात, त्या शेकडो गाण्यांपैकी मी मुद्दाम शोधून ऐकली ती मोजकीच सात निघाली. त्यांत एक ठुमरी होती, एक नाट्यपद, गीतरामायणातले एक गीत, एक छक्कड, म्हणजे लावणीच्या घाटाचे शाहिरी गाणे, एक बैठकीची लावणी, एक हिंदी चित्रपटगीत आणि एक कानडी वचन. एवढ्या वेगवेगळ्या घरांतून आलेली ही गाणी माझ्या मनात एका पंगतीला कशी बसली, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे. त्याचे उत्तर शोधण्याची वाट मला मिरजेत, सतारमेकर गल्लीत, आईचा तानपुरा दुरुस्तीला नेला तेव्हा दिसली.

मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. फरीदसाहेब हे शिकलगार घराण्यातले, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या कुळातले. त्यांनी तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली आणि पुढे त्या कुळाचे आडनावच सतारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मी ज्यांच्याकडे गेले ते चाचा सत्तरीच्या पुढचे होते. त्यांनी भोपळ्यावर तळहात फिरवला, दांडीवर टिचकी मारून कान लावला आणि म्हणाले, “ताई, लाकूड वाचलंय. भोपळा वाळला की बघू. पंढरपूरकडचा जुना भोपळा आहे, चिवट असतोय. आवाजाचं मात्र जवारी झाल्याशिवाय काय सांगत नाही.”

दोन महिन्यांनी बोलावणे आले तेव्हा ते जवारीला, म्हणजे तारेचा झणकार जुळवायला, बसले होते. तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिची पाठ सपाट दिसते, पण ती सपाट नसते. डोळ्यांना कळणार नाही असा एक उतार तिला दिलेला असतो, आणि त्या उतारावर तार टेकते न टेकते अशी ठेवायची असते. चाचांनी कानस दोनदा हलकेच फिरवली, भुकटी फुंकली, तार छेडली. आवाज कोरडा आला. मग त्यांनी सुती दोऱ्याचा बोटभर तुकडा तारेखाली सरकवला आणि तार एका बोटाने वाजवत, दुसऱ्या हाताच्या नखाने तो दोरा अगदी केसभर पुढे, केसभर मागे असा नेत राहिले. एका जागी तो पोचला आणि तारेतून एकदम झणकार उठला, जणू एका तारेत चार तारा होत्या. खर्जाची तार लावली तेव्हा तिच्यातून कोणीही न छेडलेला गंधार, म्हणजे ‘ग’, स्पष्ट ऐकू आला. चाचा म्हणाले, “तार बसली तरी आवाज मरतोय, उठली तरी मरतोय. मधी कुठंतरी जीव असतोय, तेवढा हुडकायचा.”

मला माझ्या सात गाण्यांविषयी जे सांगायचे आहे ते या दोऱ्यापाशी येऊन थांबते. गाण्यात शब्द असतो आणि सूर असतो. शब्द सुरावर पूर्ण बसला तर गाणे पाढ्यासारखे होते, आणि पूर्ण उठला तर तो शब्द तिथे असण्याचे कारण उरत नाही. दोघांनी एकमेकांना किती शिवावे याचे माप प्रत्येक गानप्रकारात वेगळे असते, आणि मला प्रिय झालेल्या प्रत्येक गाण्यात ते माप कोणीतरी केसभराच्या अचूकतेने साधलेले आहे, असे मला वाटते.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या ‘पिया बिन नाही आवत चैन’ या झिंझोटीतल्या ठुमरीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण खाँसाहेब आमच्या मिरजेचे. जन्माने ते उत्तरेतल्या कैराना गावचे, 1872 सालचे. पण त्यांनी घर केले ते मिरजेत. 1937 मध्ये मद्रासकडच्या दौऱ्यात सिंगपेरुमलकोइल या लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना परत आणून विसावा दिला गेला तोही मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातच. उरुसात तिथल्या चिंचेच्या झाडाखाली गायक आजही हजेरी लावतात. लहानपणी आईच्या मांडीवर पेंगत मी तिथे कोणाकोणाला ऐकले हे मला आठवत नाही, पण चिंचेचा वाळका पाला सतरंजीवर पडत असे आणि तो कोणी झटकत नसे, हे आठवते.

ही ठुमरी तीन-साडेतीन मिनिटांची आहे, कारण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. भीमसेन जोशी लहान वयात ही तबकडी ऐकून गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. मी जेव्हा जेव्हा ती ऐकते तेव्हा मला त्या मुलाचे घर सोडणे अगदी साहजिक वाटते. झिंझोटी हा खाली ओढ असलेला राग आहे. त्याला मंद्र सप्तकातल्या धैवत-पंचमाची माया अधिक. खाँसाहेबांचा आवाज मात्र उंच पट्टीचा, बारीक, रेशमाच्या धाग्यासारखा. हा उंच आवाज जेव्हा रागाच्या ओढीने खाली खाली येतो, तेव्हा विरहाचे दुःख सांगण्यासाठी शब्दांना फारसे काही करावे लागत नाही. म्हणूनच ते शब्दांवर भार टाकत नाहीत. ‘पिया’ हा शब्द ते इतक्या दिशांनी घेतात की थोड्या वेळाने त्यातली व्यंजने झिजून जातात आणि उरते ती केवळ एक हाक. ‘बिन’मधला ‘न’ आणि ‘चैन’मधला ‘न’ हे दोन्ही त्यांच्या आवाजात तानपुऱ्याच्या गुंजनात मिसळून जातात. शब्द इथे सुरावरून जवळजवळ उठलेला आहे, आणखी एक केस जरी सरकला असता तरी तो नाहीसा झाला असता. पण तो नाहीसा होत नाही. प्रत्येक आवर्तनात एकदा तरी ‘नाही’ हा शब्द ते साध्या बोलण्याइतका स्पष्ट ठेवतात, आणि त्या एका नकारावर सारी ठुमरी तोलून राहते.

हीच ठुमरी सैगल यांनी 1935 च्या ‘देवदास’मध्ये म्हटली आहे. तीही मला आवडते, पण तिच्यात शब्द अधिक टेकलेला आहे. एक माणूस दुसऱ्याला आपली अवस्था सांगतो आहे असे ती ऐकताना वाटते. खाँसाहेब कोणाला सांगत नाहीत. वडील या दोन्ही एका कॅसेटवर पाठोपाठ भरून घेऊन आले होते, आणि आधी सैगल, मग खाँसाहेब असा क्रम त्यांनी ठेवला होता. तो बरोबर होता. उलट क्रमाने ऐकले तर सैगल यांच्यावर अन्याय होतो.

नाट्यपदांत माझी निवड ‘नाथ हा माझा’ ही आहे, आणि सांगलीकराने ती केली तर त्यात नवल नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथेच ‘सीता स्वयंवर’ उभे केले, ‘शारदा’कार देवल शेजारच्या हरिपूरचे, आणि बालगंधर्वांचे नागठाणे कृष्णेकाठीच, पलूस तालुक्यात. खाडिलकरांच्या 1916 च्या ‘स्वयंवर’ नाटकातले हे पद भास्करबुवा बखले यांनी यमन रागात बांधले. त्याच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी एकच गोष्ट नोंदवते. बालगंधर्व या पदात यमन कितीही विस्तारू देत, ‘माझा’ या शब्दातला ‘झा’ ते कधी सुरांखाली दडपू देत नाहीत. रुक्मिणी कृष्णाविषयी बोलते आहे आणि त्या बोलण्यातला सगळा आनंद त्या एका षष्ठीच्या प्रत्ययात आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढच्या कित्येक चांगल्या गायकांच्या तोंडून हे पद ऐकताना मला यमन अधिक मिळाला आणि रुक्मिणी कमी मिळाली.

यमनाच्याच कुळातले, यमनकल्याणातले दुसरे गाणे माझ्या पंगतीत आहे, आणि त्याचा स्वभाव पूर्ण निराळा आहे. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे 56 गीते त्यात आली. चित्रकूटावर भरत रामाला परत न्यायला येतो तेव्हा राम त्याला जे सांगतो ते ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ हे गीत. शब्द गदिमांचे, चाल आणि आवाज सुधीर फडके यांचा. गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे, म्हणजे आज आमच्याच जिल्ह्यातले.

या गीतात सागरात भेटणाऱ्या दोन ओंडक्यांचे कडवे आहे. लाटेने दोन ओंडके जवळ येतात, दुसऱ्या लाटेने सुटतात, पुन्हा त्यांची गाठ पडत नाही. दृष्टान्त मुळात वाल्मीकींचा आहे. अयोध्याकांडात रामच तो भरताला देतो. परंतु ज्या माणदेशात पाऊस हुलकावण्या देतो, जिथे विहिरीचा तळ दिसणे ही दरवर्षीची गोष्ट असते, त्या मुलखातला कवी हा दृष्टान्त मराठीत आणतो आणि तो इतका सहज आणतो, की ज्या खेडुताने समुद्र कधी पाहिला नाही त्यालाही ते ओंडके दिसतात. माझ्या आजीने समुद्र पाहिला नव्हता. ती हे कडवे आले की “खरं हाय बाबा” असे रेडिओला उद्देशून म्हणत असे.

पुराच्या दोन दिवस आधी, पूल अजून खुला होता तेव्हा, आयर्विन पुलावर पाणी पाहायला माणसांची गर्दी जमली होती. मीही गेले होते. वरून कुठूनतरी सुटून आलेले दोन मोठे ओंडके एकमेकांना लागून वाहत येत होते. पुलाच्या खांबापाशी पाणी दुभंगत होते तिथे एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. खांबाच्या पलीकडे ते पुन्हा जवळ येतात का हे पाहायला आम्ही काही जण धावत दुसऱ्या कठड्याशी गेलो. ते आले नाहीत. शेजारी उभे असलेले एक अनोळखी गृहस्थ गीताची ती ओळ पुटपुटले आणि मग आम्ही दोघेही काही न बोलता पाण्याकडे पाहत राहिलो.

फडके यांनी या गीतात रामाला रडू दिलेले नाही, ही त्या गाण्याची सर्वांत मोठी गोष्ट मला वाटते. वडील गेल्याची बातमी रामाला नुकतीच कळली आहे, भाऊ पायाशी बसून रडतो आहे, आणि राम कडव्यामागून कडवे समजावत जातो. चाल जवळपास बोलण्याच्या लयीत चालते. खाँसाहेबांच्या ठुमरीत शब्द जितका उठलेला आहे तितकाच तो इथे टेकलेला आहे, कारण इथे प्रत्येक शब्द भरताच्या कानापर्यंत पोचायला हवा. असे असूनही हे गाणे पाढ्यासारखे होत नाही. ध्रुवपदाकडे वळताना ‘पराधीन’मधल्या ‘धी’वर फडके क्षणभर थांबतात, आणि तो क्षण उपदेश करणाऱ्या रामाचा राहत नाही. तो स्वतःही पराधीन आहे हे त्याला तिथे जाणवते. सगळ्या गाण्यात तेवढ्याच जागी तार थोडी उठते. माझ्या वडिलांच्या पाठीमागे आईला भेटायला येणारी माणसे जी वाक्ये बोलून जात ती या गीतातल्या वाक्यांपेक्षा वेगळी नव्हती, पण त्यांच्या बोलण्यात तो ‘धी’ नव्हता.

आता वाटेगावचे गाणे. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म 1920 चा, वाळवा तालुक्यातला. माझ्या आजोळचाही तालुका तोच, आणि पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्षही त्याच तालुक्यात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंनी लिहिलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड मी प्रथम ऐकली ती आजोळी, गुऱ्हाळावर. मामांच्या फडावरचा ऊस गाळून झाला होता, चुलाण पेटलेले होते, आणि काहिलीतला रस फेसाळत वर येत होता. गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत होता आणि काढता काढता ती छक्कड म्हणत होता. दुसऱ्याच ओळीत ‘काहिली’ हा शब्द येतो, जिवाची काहिली. मी सहा-सात वर्षांची होते. माझी अशी समजूत झाली की त्या माणसाच्या जिवाची समोरच्यासारखी भलीमोठी लोखंडी काहील झाली आहे आणि आत काहीतरी उकळते आहे. शब्दकोशात हे दोन शब्द वेगळे असले, तरी माझ्या कानात ते त्या दिवशी एकमेकांना चिकटले ते कायमचे. आजही ती ओळ ऐकली की मला उसाच्या रसाचा गरम, गोड, किंचित करपलेला वास येतो.

या छक्कडीची बांधणी विलक्षण आहे. सुरुवात एका साध्या विरहाची आहे. पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा, मागे राहिलेली देखणी बायको, तिचे वर्णन, निरोपाचा प्रसंग. तमाशाच्या फडात हे सारे ऐकायची सवय असलेल्या श्रोत्याला आपण ओळखीच्या वाटेवर आहोत असे वाटते. मग तो माणूस मुंबईत पोचतो, तिथल्या माड्या पाहतो, त्या माड्यांच्या सावलीतली गरिबी पाहतो, लढ्यात उतरतो. आणि मग शेवटाकडे येताना शाहीर म्हणतो की माझ्यापासून तुटलेल्या मैनेची जी गत, तीच या खंडित महाराष्ट्राची. आणि तिथे बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे येतात. विरहाची लावणी त्या एका वळणावर राजकीय मागणी होते, आणि तरीही ती विरहाची लावणीच राहते. प्रचाराच्या गाण्याला सहसा हे जमत नाही. प्रचाराच्या गाण्यात शब्द सुरावर दगडासारखा बसतो, आणि प्रसंग सरला की ते गाणेही सरते. या छक्कडीत मैना खरी आहे. तिच्या अंगावरचे दागिने, तिचे घाबरेघुबरे होणे, हे सारे पुढच्या रूपकाची तयारी म्हणून लिहिलेले वाटत नाही. अण्णा भाऊंनी वाटेगावाहून मुंबईला गेलेली किती माणसे आणि गावावर राहिलेल्या किती बाया पाहिल्या असतील! 1 मे 1960 ला राज्य झाले, पण बेळगाव आणि निपाणी पलीकडेच राहिली. त्यामुळे मिरजेहून बेळगावच्या गाडीत बसले की ही छक्कड मला हमखास आठवते आणि ती संपलेली नाही असे वाटते.

सातारा जिल्ह्यातल्या वाईच्या यमुनाबाई वाईकर यांची ‘तुम्ही माझे सावकार’ ही बैठकीची लावणी माझ्याकडे कॅसेटवर होती, आणि तिच्याविषयी मी थोडेच लिहिणार आहे, कारण मी ती अर्धीच ऐकली आहे. बैठकीची लावणी बसून गातात. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची, आणि दर वेळी हाताच्या, मानेच्या, डोळ्याच्या बदलाने तिचा अर्थ फिरवायचा, हे तिचे मर्म आहे. म्हणजे इथे शब्द आणि सूर यांच्या जोडीला अदा हा तिसरा घटक आहे, आणि कॅसेटवर तो येत नाही. तरीसुद्धा यमुनाबाईंच्या आवाजात ओळ फिरते तेव्हा अदा कुठे बदलली असेल हे ऐकू येते. आर्जव, मग लटका राग, मग हिशेब मागितल्यासारखा ठसका. शंभरी ओलांडून त्या 2018 मध्ये गेल्या. 2012 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदीच्या बऱ्याच पुढे होत्या, आणि तो सन्मान त्यांना तीस वर्षे आधी मिळायला हवा होता असे माझे स्पष्ट मत आहे. वाई काही आमच्यापासून फार दूर नाही. मी कधी उठून गेले नाही, याचे मला आज वाईट वाटते.

पूर ओसरल्यावर पंचनामा झाला. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या कर्मचाऱ्याने वही उघडली आणि काय काय गेले ते सांगा म्हणाला. आई सांगू लागली. फ्रिज, गाद्या चार, धान्याचे डबे, शिलाई मशीन. आणि मग ती मध्येच थांबून म्हणाली, “कॅसेट लिहिता का?” त्याने नम्रपणे सांगितले, “आजी, त्याला रकाना नाही.” त्या रात्री मी ‘मेरा कुछ सामान’ ऐकले.

‘इजाज़त’ हा चित्रपट 1987 चा. गीत गुलजार यांचे, संगीत राहुलदेव बर्मन यांचे, आणि गायिका आशा भोसले, ज्यांचा जन्म 1933 मध्ये सांगलीतलाच. या गाण्याबद्दल आशाबाईंना आणि गुलजार यांना, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणे म्हणजे एका स्त्रीने मागितलेली सामानाची परतफेड आहे, आणि त्या सामानात परत करता येईल असे काहीच नाही. श्रावणातले काही ओले दिवस, पत्रात गुंडाळलेली एक रात्र, पानगळीतला पानांचा आवाज, मोजून एकशे सोळा चांदण्या रात्री. एका छत्रीत दोघे अर्धे भिजले, अर्धे कोरडे राहिले होते. त्यातले कोरडे ती घेऊन आली आहे आणि ओले मन कदाचित बिछान्याजवळ पडले असेल, तेवढे पाठवून दे म्हणते. मी हे गाणे कॉलेजात असल्यापासून ऐकत होते. पण त्या रात्री, ओल्या गाद्यांचा ढीग बाहेर अंगणात पडलेला असताना, ती ओळ मला प्रथमच तिच्या पूर्ण अर्थाने कळली. ज्याला रकाना नाही त्याची ही यादी आहे.

संगीतकारापुढची अडचण इथे फार मोठी होती. या कवितेला यमक नाही, ठरलेले वृत्त नाही, ओळी लांबआखूड आहेत. मराठी कान ओवीवर आणि अभंगावर वाढलेला असतो, तो ओळ संपली की यमकाची वाट पाहतो. हे गाणे ती वाट पाहू देते आणि यमक देत नाही. त्याऐवजी ‘लौटा दो’ हे शब्द परत परत येतात आणि जिथे यमक असते त्या जागी उभे राहतात. आशाबाईंचा आवाज किती चपळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे त्या ती चपळाई बाजूला ठेवतात. बोलता बोलता सूर लागावा आणि सूर लागता लागता बोलण्यावर यावे, अशा त्या सीमेवर सारे गाणे चालते. सामानाची नावे घेताना त्या बोलण्याच्या जवळ असतात, जणू वहीत लिहून घेणारा समोर बसला आहे, आणि ‘लौटा दो’ला येताच सुरात जातात. आईला हिंदी गाणी फारशी रुचत नाहीत. तिने दाराआडून हे गाणे पूर्ण ऐकले आणि एवढेच विचारले, “तिला मिळालं का परत?”

सातवे गाणे मला न समजणाऱ्या भाषेतले आहे. जत तालुक्याच्या पूर्वेला कानडी घराघरांत बोलली जाते, आणि बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई तिकडच्या होत्या. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेले, बाराव्या शतकातल्या शिवभक्त संतकवयित्री अक्कमहादेवीचे ‘अक्क केळव्वा’ हे वचन मी केवळ त्यांच्या आवाजासाठी ऐकत असे. मन्सूर यांचे सुरुवातीच्या काळातले एक गुरू नीलकंठबुवा मिरजेचेच, त्यामुळे वडिलांनी ती कॅसेट आपल्या गावचे गाणे म्हणूनच घेतली होती. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या बाईंना शब्द विचारले. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि सांगितले, “अगं, ती म्हणते, अक्का, ऐक गं, मी एक स्वप्न पाहिलं. तांदूळ, सुपारी, नारळ दिसला. बारीक जटांचा, शुभ्र दातांचा एक जोगी भिक्षेला आला. मी त्याच्या मागं गेले, त्याचा हात धरला, आणि चन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे तिच्या शिवाला, पाहून माझे डोळे उघडले.” सांगताना त्यांच्या आवाजात एक बहीण दुसरीला गुपित सांगते तशी घाई आली होती. त्यानंतर मी ते वचन ऐकले तेव्हा मन्सूर ‘केळव्वा’ म्हणताना किती हळू, किती जवळ येऊन म्हणतात, हे मला ऐकू आले. इतकी वर्षे तो शब्द मला केवळ सूर वाटत होता. अर्थ कळल्यावर सूर कमी होईल अशी भीती होती, पण तसे झाले नाही.

तानपुरा घरी आला तेव्हा त्याच्या भोपळ्यावर पाण्याचा डाग तसाच होता. चाचांनी तो घासून काढायची तयारी दाखवली होती. आई नको म्हणाली. आवाज पूर्वीपेक्षा थोडा बंद, थोडा खोल झाला आहे. आईने चारही तारा लावल्या, डोळे मिटून बराच वेळ नुसत्याच छेडल्या, आणि मग मला वाटले ती एखादा अभंग म्हणेल, तर तिने जात्यावरच्या ओव्या सुरू केल्या, आजीच्या. त्या कधीच कोणत्या कॅसेटवर नव्हत्या, त्यामुळे पुरात जाण्याचा प्रश्न नव्हता, आणि म्हणूनच माझ्या सात गाण्यांच्या यादीतही त्या आल्या नव्हत्या.

मी मोबाइल काढून ध्वनिमुद्रण सुरू केले. तानपुऱ्यावर ओवी नीट बसत नव्हती. तानपुरा अखंड चालतो आणि ओवीला जात्याच्या पाळीचा हेलकावा लागतो. दाण्याची मूठ घालताना श्वास घ्यायचा, खुंटा पुढे लोटताना शब्द सोडायचा. आईने दोन ओळींनंतर छेडणे थांबवले आणि तानपुरा माझ्याकडे दिला. मग ती भावाच्या वाटेची ओवी म्हणाली, मग पंढरीची, मग पहिलीच पुन्हा. त्या ध्वनिमुद्रणात दर ओळीच्या शेवटी थोडी शांतता आहे. त्या शांततेत तिचा उजवा हात, खुंटा धरल्यासारखी मूठ करून, हवेत एक पूर्ण गोल फिरत होता.